कॅनेतून वाचलेले

लॅटिन घ्यायला लावलं ते यांनी. मी तेव्हाही म्हटलं होतं, पोराला स्पॅनिश घेऊ दे. जिवंत माणसं बोलतात ती भाषा, उद्या डॉक्टर झालाच तर पेशंटशी दोन शब्द बोलता तरी येतील. पण यांनी एकदा इंटरनेटवर वाचून काही ठरवलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ते बदलत नाही. "मेडिकलचे निम्मे शब्द लॅटिनमधले असतात. आत्तापासून कानावर पडले की पुढे सोपं जाईल," हे म्हणाले. पोरगा तेव्हा मिडल स्कूलमध्ये. त्याला अजून बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती आणि हे त्याच्यासाठी मेडिकलचे शब्द गोळा करत होते.

हा हिशोब काही आमच्या एकट्याच्या घरात झाला नव्हता. इथे अमेरिकेत, श्रूजबरी गावात, आमच्या ओळखीच्या बऱ्याच आईबापांच्या डोक्यात हेच शिरलं होतं. पालकांच्या भेटीच्या दिवशी मी वर्गात गेले तर लॅटिन शिकायला सगळी आपलीच पोरं, तेलुगू, तमिळ, गुजराती, मराठी. मागच्या बाकावर इटालियन आडनावाचा एक मुलगा बिचारा अंग चोरून बसला होता. "ज्यांची भाषा तेच कोपऱ्यात!" मी घरी येऊन म्हटलं. यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पहिलं वर्ष क्रियापदं घोकण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी बाईंनी लढाया काढल्या, आणि आमचं पोरगं हातातून गेलं. रोम आणि कार्थेज. एक इटलीतलं, दुसरं समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं, आणि दोघांनाही सगळा समुद्र आपलाच हवा. पिढ्यान्‌पिढ्या भांडले मेले. पहिलं युद्ध जहाजांवर झालं आणि रोमनांना तर जहाजावर लढता येत नव्हतं. मग त्यांनी जहाजाच्या नाकाशी एक फळी उभी केली, तिच्या टोकाला मोठा खिळा. ती धाडकन शत्रूच्या जहाजावर पाडायची, खिळा रुतला की पुलावरून गेल्यासारखं पलीकडे जायचं आणि जमिनीवर लढतात तसं लढायचं. हे सगळं मला पोळ्या लाटताना सांगितलं गेलं. पोळी करपली तरी त्याचं चालूच.

एका शनिवारी त्यानं डायनिंग टेबलवर चवळी आणि राजमा ओतला. मी ओरडणार होते, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसले.

"ही चवळी म्हणजे रोमन," तो म्हणाला. "आणि राजमा कार्थेजचा. राजमा किती कमी आहे बघ."

लढाई झाली त्या गावाचं नाव कॅने. कार्थेजचा सेनापती हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडून इटलीत उतरला होता, पुढे दलदलीतून येताना त्याचा एक डोळाही गेला होता. त्यानं आपली मधली फळी मुद्दाम पुढे काढली, धनुष्यासारखी वाकवून. रोमन तिच्यावर तुटून पडले. ती फळी हळूहळू मागे सरकत गेली. रोमनांना वाटलं आपण जिंकलो, ते आणखी आत घुसले. दोन्ही बाजूंचा राजमा मात्र जागचा हलला नव्हता. आता पोरानं दोन्ही तळहातांनी तो आत वळवला, मागून घोडेस्वार म्हणून शेंगदाणे लावले, आणि मधली चवळी अशी दाटली की एकमेकीवर चढून टेबलावरून खाली सांडायला लागली.

"हात वर करायलाही जागा उरली नाही, आई. हातात तलवार आहे पण उचलता येत नाही. नुसते उभे राहून मरत होते, संध्याकाळपर्यंत."

"अरे पण रोमन जास्त होते ना?"

"जास्त होते म्हणूनच."

हे मागे येऊन उभे होते. "हे सगळं मेडिकलच्या प्रवेशाला, एमकॅटला विचारतात का?" यांनी विचारलं. मी केरसुणी घेऊन रोमन सैन्य गोळा करायला लागले.

पुढे तो कॉलेजला गेला, प्री-मेड, म्हणजे मेडिकलच्या आधीचा अभ्यास. मार्क बरे होते, फोनवर बोलणं बरं होतं, आम्ही निश्चिंत. तिसऱ्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी आला तेव्हा केस अगदी बारीक कापलेले. जेवणं झाली, मी भांडी डिशवॉशरला लावत होते, आणि मागून आवाज आला, "आय साइन्ड. आर्मी."

यांनी आधी आशा सोडली नाही. आर्मीवाले मेडिकलची फी भरतात असं कुणीतरी यांना सांगितलं होतं. "म्हणजे तिकडून डॉक्टर होणार?"

"नो, बाबा. इन्फंट्री. पायदळ." तो शब्द त्यानं मुद्दाम मराठीत सांगितला, गैरसमजाला जागा नको म्हणून.

मग जे काय झालं ते शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्यालाही ऐकू गेलं असणार. "आम्ही आईबाप सोडून या देशात आलो ते तुला परक्यांच्या लढाईत मरायला घालायला का?" हे ओरडत होते. तो म्हणाला, परके कोण, मी इथेच जन्मलोय. हे म्हणाले, ही सगळी त्या लॅटिनची कृपा. मी म्हटलं, लॅटिन कुणी घ्यायला लावलं? तेव्हा यांचा तोल गेला. "मी बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही," यांनी त्याला सांगितलं. "समजलं? मी स्वतः बोलावल्याशिवाय नाही." तो "ओके" म्हणाला, जॅकेट उचललं आणि निघून गेला. मी दोघांनाही शिव्या घातल्या, एकाला तोंडावर आणि दुसऱ्याला ड्राइव्हवेमध्ये गाडीमागे धावत.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. पोरगा जिवंत परत यावा आणि या दारातून आत यावा. दुसरं काही मी देवाकडे मागितलेलं नाही.

इथल्या मराठी मंडळात आम्ही सांगितलं, तो कन्सल्टिंगमध्ये आहे, ट्रॅव्हल फार असतं. माझीही जीभ तेच बोलायला लागली, कारण खरं सांगितलं असतं तर एकेकीचे चेहरे बघावे लागले असते. "का गं, ग्रेड्स नव्हते का त्याचे?" असं विचारणाऱ्या बायका आहेत आमच्यात. आणि गंमत बघा, याच मंडळात दर वर्षी पोरांना फेटे बांधतात, पुठ्ठ्याच्या तलवारी देतात, स्टेजवर लुटुपुटीचा किल्ला सर होतो आणि खाली आईबाप फोन वर धरून शूटिंग करतात. हे दर वर्षी गनिमी काव्यावर स्लाइड शो दाखवतात. "लढाई आपल्या रक्तात आहे," असं यांनी त्या वर्षीही माइकवर म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. मी पहिल्या रांगेत बसून माझ्या साडीच्या काठाकडे बघत होते. एका पोरानं हे खरं मानलं तर त्याला दार बंद.

ट्रेनिंग संपलं आणि त्याला बाहेर पाठवलं. कुठे, ते सांगायची परवानगी नाही. वाळवंट आहे एवढंच मला त्याच्या खोकल्यावरून कळलं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, पेशंटच्या नमुन्यांतून जंतू वाढवून ते कुठल्या औषधाला मरतात ते बघायचं. माझ्या लंच ब्रेकला त्याच्याकडे रात्र व्हायची, तेव्हा तो फोन करायचा. यांच्याशी नाही, फक्त माझ्याशी.

सुरुवातीचे फोन म्हणजे नुसता छळ. "कुठे आहेस?" "सांगता येत नाही, आई." "काय करतोस दिवसभर?" "सांगता येत नाही." "भीती वाटते का?" त्यावर तो नुसता हसायचा. एक दिवस मी वैतागले. "बरं, त्या हत्तीवाल्याचं कॅनेनंतर काय झालं, ते तरी सांगता येतं की तेही सरकारी गुपित आहे?"

पलीकडे तो खरा हसला, लहानपणी हसायचा तसा. तिथून आमचं जमलं. त्याला स्वतःबद्दल बोलायची मनाई, पण रोमबद्दल कोण मनाई करणार? मी लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलं. लॅबच्या ब्रेकरूममध्ये डबा खाताना वाचायचं आणि फोन आला की प्रश्न विचारायचे. त्याच्या आवाजावरून मला त्याचं बरं आहे की नाही ते कळायचं. नीट झोप झालेली असली की तो तपशिलात शिरायचा. काही बिघडलेलं असलं की दोन वाक्यांत लढाई संपवायचा.

कॅनेनंतर रोमकडे फौजच उरली नव्हती म्हणे. मग त्यांनी एका म्हाताऱ्या सेनापतीचं धोरण धरलं. समोरासमोर लढायचंच नाही. शत्रूच्या मागे मागे डोंगरातून फिरायचं, त्याचं धान्य जाळायचं, मागे राहिलेल्या टोळ्या गाठायच्या. शहरातले लोक आधी त्याला भित्रा म्हणून हिणवत होते, कॅने झाल्यावर तोंडं बंद झाली.

"हा तर गनिमी कावा!" मी म्हटलं. "तुझ्या बाबांना सांगायला हवं."

"नको," तो म्हणाला. त्या दिवशी पुढची लढाई दोन वाक्यांत संपली.

एकदा त्यानं रोमन फौज कशी उभी राहते ते सांगितलं. तीन रांगा. पहिल्या रांगेत सगळ्यात कोवळी पोरं. दुसऱ्या रांगेत बायकापोरं असलेले. तिसऱ्या रांगेत जुने, मुरलेले, एका गुडघ्यावर बसून वाट बघणारे. पहिले दमले की मागच्यांच्या मधल्या फटींतून माघारी यायचं आणि दुसऱ्यांनी पुढे व्हायचं. मी विचारलं, पोरं पुढे आणि म्हातारे मागे, हे ठरवलं कुणी?

"म्हाताऱ्यांनी," तो म्हणाला.

"आणि तू कुठल्या रांगेत आहेस रे?"

"आता अशा रांगा नसतात, आई." म्हणजे पहिल्या. पुढे आठवडाभर डब्यातली भाजी तशीच घरी परत यायची.

पुस्तकात एके ठिकाणी होतं की कॅनेची बातमी आली तेव्हा रोममध्ये घराघरांतून बायकांचा आकांत सुरू झाला, तर दरबारातल्या शहाण्यांनी हुकूम काढला की बायकांनी घराबाहेर यायचं नाही, रस्त्यावर रडायचं नाही, आणि रडायची मुदतही ठरवून दिली. का, तर लोकांचा धीर खचतो. मी ते यांना वाचून दाखवलं. हे टॅक्सचे कागद बघत होते. "मग बरोबरच आहे," हे म्हणाले. "सगळेच रडत बसले तर चालणार कसं?" मी पुस्तक टेबलावर आपटलं आणि त्या रात्री स्वयंपाक केला नाही. पिझ्झा मागवून खाल्ला यांनी, आणि वर मला विचारलं, तुला ठेवू का.

मग तो फोन आला. मी ब्रेकरूमच्या खिडकीपाशी उभी होते, बाहेर पार्किंग लॉटमध्ये काळं पडलेलं बर्फ. त्या दिवशी तो रंगात होता. शेवटची लढाई सांगत होता, आफ्रिकेतली, खुद्द कार्थेजच्या अंगणातली. हत्तीवाल्यानं हत्ती सोडले. पण आता रोमनांचा सेनापती तरुण होता आणि तो कॅने विसरला नव्हता. त्यानं आपल्या तुकड्या एकामागे एक सरळ उभ्या केल्या, मध्ये मोकळ्या गल्ल्या ठेवल्या. शिंगं फुंकली, गलका केला, आणि बिथरलेले हत्ती त्या गल्ल्यांतून आले तसे निघून गेले.

"आणि तुला माहितीये का, आई, ही त्याची फौज होती कुणाची? गेस कर. ही माणसं..."

फोन कट झाला. तो नेहमीच व्हायचा. मी डबा धुतला, हात पुसले, परत लॅबच्या टेबलाशी जाऊन जंतूंच्या प्लेट्स बघायला लागले. संध्याकाळी गाडीत रेडिओवर ऐकलं की तिकडे वाळवंटात आर्मीच्या एका तळावर हल्ला झालाय.

आमच्यासारख्या, सैनिकांच्या घरच्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. माणूस गेला असेल तर गणवेशातले लोक दारात येतात. जखमी असेल तर फोन येतो. मी दिवाणखान्यात दाराकडे बघत बसले आणि हे फोनकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला आणि मी जमिनीवर बसून ढसाढसा रडले, आनंदानं. खोटं कशाला बोलू? त्याच्या तुकडीतली बाकीची पोरं झोपायच्या खोलीत होती आणि ती खोलीच राहिली नव्हती. माझा पोरगा तळाच्या भिंतीपाशी, जिथे सिग्नल बरा येतो तिथे, आईला लढाई सांगत उभा होता. एक कान गेला, डोक्याला मार लागला, पण जिवंत. कुठे कुठे दुसऱ्या आयांच्या दारात माणसं उभी होती त्या वेळी, आणि मला आनंद झाला होता. देव मला त्याची काय शिक्षा द्यायची ती देईल.

यांनी तो फोन ऐकला. गॅरेजमध्ये गेले, गाडीत बसले, बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. मला वाटलं, चला, बर्फ वितळलं.

त्याला इकडे आणलं, हॉस्पिटलात ठेवलं, मग आर्मीतून मोकळं केलं. आता येईल, मग येईल म्हणून मी त्याची खोली लावली. नवी चादर घातली, पडदे धुतले. तो आला नाही. टेक्सासमध्ये आर्मीच्या एका तळाशेजारच्या गावात खोली घेऊन राहिला. फोन केला की "आय ॲम फाइन" म्हणायचा. रोमबद्दल विचारलं तर म्हणायचा, आठवत नाही.

"बोलवा त्याला," मी यांना म्हटलं. "एक वाक्य. बाळ, घरी ये. एवढंच."

"मी काय दार लावून बसलोय? त्याचं घर आहे, त्यानं यावं."

"लावूनच बसलाय. तोंडानं लावलंत, तोंडानंच उघडा."

"आणि लोकांना काय सांगायचं? इतकी वर्षं कन्सल्टिंगमध्ये होता आणि आता एका कानानं बहिरा कसा झाला?"

मी या माणसाबरोबर तीस एक वर्षं संसार केला. त्यांच्या मनात पोराबद्दल माया नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या क्षणी मला त्यांचं तोंड बघवेना. लॅबमधून रजा घेतली आणि टेक्सासचं विमान धरलं.

तळाशेजारचं गाव म्हणजे एक लांबलचक रस्ता. न्हाव्यांची दुकानं, टॅटूची दुकानं, सामान ठेवायचे पत्र्याचे गाळे. पोराची खोली पहिल्या मजल्यावर. आत एक खुर्ची, एक गादी आणि भिंतीला टेकवलेली बॅग, ती अजून पूर्ण उघडलेलीही नव्हती. खुर्ची दाराकडे तोंड करून. तो इतका वाळला होता की मिठी मारली तर हाडं लागली. मी त्याला काही विचारलं नाही. इंडियन दुकान शोधून काढलं, कुकर आणला, वरणभात लावला. तो जेवायचा, ताट स्वतः धुवायचा, परत खुर्चीत बसायचा. उजव्या बाजूनं बोललं तर ऐकू यायचं नाही, मी डावीकडे बसायला शिकले.

बऱ्याच दिवसांनी, मी मेथी निवडत असताना, तो आपणहून बोलला.

"त्या दिवशी सांगायचं राहिलं. त्या शेवटच्या लढाईतली फौज. ते कॅनेतून वाचलेले लोक होते."

"जिवंत राहिले होते काही?"

"काही हजार. पळाले, लपले, नशीब होतं. रोमला वाटलं, यांचा सत्कार कशाला करायचा? बाकी सगळे मेले आणि हे जिवंत कसे? त्यांना बोटीत घालून एका बेटावर पाठवलं, सिसिलीला. युद्ध संपेपर्यंत घरी यायचं नाही. शहराजवळ मुक्कामसुद्धा करायचा नाही. त्यांनी अर्ज केले, आम्हाला लढायला तरी न्या. नाही म्हणाले. वर्षांवर वर्षं गेली, आई. तिथेच म्हातारे झाले."

"आणि तो तरुण सेनापती?"

"तोही कॅनेतूनच वाचलेला. पण तो मोठ्या घरातला, त्याला कोण बेटावर पाठवणार? त्यानं येऊन या बेटावरच्यांना उचललं. घरी न्यायला नाही. परत लढायला."

मी मेथी खाली ठेवली. "हे बघ," मी म्हटलं, "ते रोम खड्ड्यात गेलं. तू काही गुन्हा केलेला नाहीस. तू मेला नाहीस, हा गुन्हा नाही. मी तुला जन्म दिलाय तो मरायला नाही. कळलं का? घरी चल."

"ते सगळे आत झोपले होते. मी बाहेर हत्तींच्या गप्पा मारत होतो."

"माझ्याशी मारत होतास. मग माझाही गुन्हा म्हण."

खिडकीबाहेर कुणीतरी ट्रक रिव्हर्स घेत होतं, त्याचा बीप बीप आवाज येत राहिला. मग त्यानं विचारलं, "बाबांनी बोलावलंय का?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. हो म्हटलं असतं तर कदाचित त्यानं बॅग उचलली असती. पण दारात बापाचं पडलेलं तोंड दिसलं असतं तर? मी म्हटलं, "नाही. अजून नाही."

त्यानं मान हलवली, जणू त्याला हेच अपेक्षित होतं. मीच विषय बदलला आणि भाजीला फोडणी दिली.

मी परत गेले नाही. रजा वाढवली, मग बिनपगारी घेतली. रोज यांना फोन करायची आणि रोज भांडायची. आधी हे चिडायचे, मग गप्प ऐकून घ्यायला लागले. एकटं राहून माणूस नरमला असावा. शेजारचा म्हातारा यांना सूप आणून देतो असं कळलं. इकडे पोरगा दिवसेंदिवस कमी बोलत होता. डॉक्टरकडे मीच न्यायची, गोळ्या मीच द्यायची, आणि तो निमूट सगळं करायचा. ते निमूटपणच मला खायला उठायचं. मला उलट उत्तर देणारा पोरगा हवा होता.

आणि एका रविवारी दुपारी फोन वाजला. यांचा. आवाज घोगरा. मंडळाची मीटिंग होती म्हणे, आणि हे सगळ्यांसमोर उभे राहून बोलले. माझा मुलगा सैन्यात होता, आम्ही तुम्हाला खोटं सांगितलं, मला लाज वाटत होती, आता माझीच लाज वाटते. हे सांगताना यांना रडू आवरत नव्हतं. "दे त्याला फोन," हे म्हणाले. "मला त्याला घरी बोलवायचंय. मी तिकीट काढतो, मी घ्यायला येतो, काय म्हणेल ते."

मी पोराला हाक मारली, त्याच्या चांगल्या कानाशी फोन धरला. हे इतक्या मोठ्यानं बोलत होते की मलाही सगळं ऐकू येत होतं. चुकलो बाळा, म्हणत होते. घरी ये. तुझं घर आहे. तुझी आई वाट बघतेय, मी वाट बघतोय, ये.

पोरगा खुर्चीतून उठला. पाठ ताठ झाली, हात बाजूला गेले, टाचा जुळल्या. चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही.

"येस, सर," तो म्हणाला. "थँक यू, सर. नॉट ॲट दिस टाइम, सर."

माझ्या हातातला फोन हलकेच दूर सारला आणि परत बसला. मी कसाबसा तो कानाला लावला.

"हॅलो? हॅलो?" हे विचारत होते. "तिथे कोण आलंय? मध्येच कुणाशी बोलायला लागला तो?"

"कुणी आलं नाही," मी म्हटलं. "तुमच्याशीच बोलत होता."